उपवासात टिकते, शिऱ्याने घसरते

१९४३ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी १० तारखेला एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. सहा महिन्यांपूर्वी ते सेवाग्रामहून मुंबईच्या बैठकीसाठी निघाले होते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे त्यांना अटक झाली आणि मुक्काम पुण्याला पडला. त्या वेळी त्यांचे वय ७३ होते. अंगावर चरबी अशी नव्हतीच. पोटात जात होते ते पाणी, आणि पाणी पिता यावे म्हणून त्यात घातलेला फळाचा थोडासा रस. डॉ. गिल्डर, डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. सुशीला नय्यर ही मंडळी उशाशी होती. मध्यंतरी प्रकृती इतकी ढासळली की सगळ्यांचा धीर सुटू लागला. पण एकवीस दिवस पार पडले. ३ मार्चला उपवास सुटला तेव्हा गांधीजी क्षीण झाले होते, पण त्यांचे भान शाबूत होते.

आता दुसरा प्रसंग पाहू या. हा आमच्या कल्पनेतला आहे, पण असे प्रसंग आज खरोखर घडतात. वर्ध्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवणारे एक सर आहेत. दोन वर्षांपूर्वी नागपूरला त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन पस्तीस किलोंनी उतरले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, गुडघे दुखायचे थांबले. एके दिवशी मधल्या सुटीत सहकाऱ्याच्या घरच्या बारशाचा शिरा आला. आग्रह झाला, सरांनी वाटीभर खाल्ला. दीड तासाने वर्गात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता त्यांच्या हाताला कंप सुटला, कपाळावर घाम आला, छाती धडधडू लागली. समोर लिहिलेले आकडे कळेनात. मुलांनी धावत जाऊन मुख्याध्यापिकांना बोलावले. कोणी म्हणाले, "सर काही खात नाहीत ना, भुकेने चक्कर आली." लगेच साखरेचे पाणी आणि चार पेढे पुढे आले. सरांना बरे वाटले. आणि दोन तासांनी पुन्हा तेच झाले!

एकाने एकवीस दिवस अन्न घेतले नाही, तरी मेंदू चालत राहिला. दुसऱ्याने वाटीभर गोड खाल्ले आणि दोन तासांच्या आत त्याच्या मेंदूला साखर कमी पडली. हे कोडे उलगडायला विज्ञानाला जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

भूक कुठे राहते?

'पोटात कावळे ओरडतात' असे आपण म्हणतो. भुकेचे घर पोटात आहे, ही समजूत आपल्या भाषेतच रुजली आहे. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी ती तपासून पाहिली. त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने एक फुगा गिळला. फुग्याला जोडलेली नळी तोंडावाटे बाहेर होती आणि जठर आकुंचन पावले की फुग्यातील दाब नोंदला जाई. कळ आली की वॉशबर्न खूण करायचा. आकुंचन आणि भुकेची कळ बरोबर जुळल्या. भूक म्हणजे रिकाम्या जठराचे आकुंचन, असा निष्कर्ष निघाला.

पण १९३१ साली वँगनस्टीन आणि कार्लसन यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णाचे संपूर्ण जठर शस्त्रक्रियेने काढून टाकले होते, तरी त्याला भूक लागत होती! आकुंचन पावायला जठरच नाही, मग भूक आली कुठून? भूक ही जठर, आतडी, रक्त आणि मेंदू यांच्यातील संभाषणातून जन्मते, हे तेव्हापासून हळूहळू स्पष्ट होत गेले. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठराच्या अस्तरातून 'घ्रेलिन' हे संप्रेरक शोधून काढले. जेवणापूर्वी ते रक्तात वाढते आणि मेंदूला 'आता खा' असा निरोप देते. म्हणजे कॅननही काही अंशी बरोबर होते. जठर भुकेचा निरोप पाठवते, पण निरोप पाठवणारे ते एकटेच नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भूक लागणे आणि रक्तातील साखर कमी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बोलण्यात आपण त्या एक करतो आणि फसतो.

चमचाभर साखरेचा संसार

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. विद्यार्थ्यांना गुणाकार करायला सांगा. उत्तर येईल जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! साऱ्या शरीराच्या रक्तात एका वेळी एवढीच साखर असते. मेंदूला मात्र दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम लागते. म्हणजे हा चमचा सतत रिकामा होत असतो आणि सतत भरला जात असतो.

भरतो कोण? फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८४८ साली दाखवून दिले की यकृत स्वतः रक्तात साखर सोडते. पुढे १८५७ साली त्यांनी यकृतातील साठ्याचा पदार्थ, ग्लायकोजेन, वेगळा केला. हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो आणि दिवसभराच्या उपवासात बहुतेक संपतो. मग पुढचे वीस दिवस कसे निघतात? यकृत प्रथिनांपासून आणि चरबीच्या काही भागापासून नवे ग्लुकोज तयार करू लागते. शिवाय चरबीपासून किटोन नावाची संयुगे बनतात. मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो असे बराच काळ मानले जाई. १९६७ साली अमेरिकेत ओवेन, केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक आठवडे उपवास करणाऱ्या लठ्ठ व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारे आणि तेथून परतणारे रक्त तपासले. दीर्घ उपवासात मेंदू आपली निम्म्याहून अधिक गरज किटोनवर भागवतो, असे त्यांना आढळले. या काळात रक्तातील साखर थोडी उतरते, पण तेथेच स्थिरावते.

गांधीजींच्या उपवासांत डॉक्टर लघवी तपासत, ते यासाठीच. जानेवारी १९४८ मधील दिल्लीच्या शेवटच्या उपवासात लघवीत ॲसिटोन दिसू लागले आणि सुशीला नय्यर काळजीत पडल्या. ॲसिटोन हे किटोनच आहे. शरीराने साखरेची वाट सोडून चरबीची वाट धरल्याची ती खूण असते. केहिलांचे प्रयोग तेव्हा व्हायचे होते, पण ती खूण वैद्यांना ठाऊक होती. याच सुशीलाताईंनी पुढे १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले.

दीर्घ उपवास निरुपद्रवी असतो, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यात स्नायू झिजतात, क्षार ढळतात, जीवही जाऊ शकतो. आमचा मुद्दा एवढाच आहे की अन्न येणे थांबले तर काय करायचे, हे शरीराला ठाऊक असते. लाखो वर्षांच्या दुष्काळांनी ते त्याला शिकवले आहे. पण अन्न एकदम कोसळले तर काय करायचे, हे त्याला तितकेसे शिकवलेले नाही. कारण ते कोसळू नये म्हणून वाटेत एक दार होते.

दार आणि दारवान

ते दार म्हणजे जठराच्या खालच्या टोकाची झडप. जठर ही नुसती पिशवी नसून तिला दारवानही आहे. खाल्लेले अन्न जठरात घुसळले जाते आणि थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडले जाते. चारी ठाव जेवण पूर्ण उतरायला तीन-चार तास लागतात. आतड्यात गोड वा तेलकट फार झाले की तेथून उलट निरोप येतो आणि दार आणखी आवळले जाते.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरॉथ यांनी कर्करोगाच्या रुग्णाच्या जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढला. त्यानंतर जठरातील व्रणांसाठीही जठर कापणे किंवा ते थेट आतड्याला जोडणे, अशा शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. यातले काही रुग्ण जेवल्यानंतर घामाघूम होत, त्यांची छाती धडधडे, ते आडवे होत. १९१३ साली इंग्लंडमध्ये हर्ट्झ यांनी या त्रासाचा संबंध अन्न आतड्यात फार वेगाने उतरण्याशी जोडला. १९२२ साली मिक्स यांनी क्ष-किरणांखाली हे अन्न घसरताना पाहिले आणि त्याला 'डम्पिंग' हे नाव रूढ झाले. ट्रकचा मागचा फाळका उघडून गिट्टी ओतावी, तसे ते ओतणे.

या ओतण्याचे दोन प्रकार आहेत. जेवणानंतर तासाभराच्या आत होतो तो लवकरचा. यात आतड्यात घट्ट साखर पडल्याने रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते, पोटात कळा येतात, गरगरते. दुसरा उशिराचा, साधारण एक ते तीन तासांनी होणारा. यातच रक्तातील साखर खाली जाते. आपल्या सरांना झाला तो हा.

व्रणाच्या शस्त्रक्रियांतून आणखी एक निरीक्षण हाती आले. जठराचा मोठा भाग गेलेल्या माणसांचे वजन पुन्हा सहसा वाढत नसे. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी त्याचा उपयोग करायचे ठरवले आणि १९६६ साली लठ्ठपणासाठी जठराला वळसा घालणारी 'बायपास' शस्त्रक्रिया केली. एका पिढीने ज्याला दुष्परिणाम म्हटले, तोच पुढच्या पिढीचा उपचार झाला! आज बायपासमध्ये जठराचा सुमारे ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा बराचसा भाग कापून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. घ्रेलिन मुख्यत्वे तयार करणारा वरचा फुगीर भागच त्यात जातो, म्हणून सुरुवातीचे काही महिने अनेकांची भूक मंदावते. पुढे ती काही प्रमाणात परतते. तेव्हा 'शस्त्रक्रिया फसली' असे वाटून माणूस खचतो. वास्तविक ते संभाषण पुन्हा सुरू झाल्याचे लक्षण असते.

इन्शुलिनची घाई

साखर वेगाने आली म्हणून ती चढेल, हे समजते. पण ती घसरते का? याचे उत्तर १९६४ सालच्या एका साध्या प्रयोगात दडलेले होते. तितकेच ग्लुकोज शिरेवाटे दिले तर इन्शुलिन कमी येते, आतड्यावाटे दिले तर जास्त येते, असे मॅकिन्टायर यांच्या गटाला आणि एल्रिक यांच्या गटाला स्वतंत्रपणे आढळले. म्हणजे आतडे स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देत होते, 'साखर येते आहे, तयारीत राहा'. वर्दी देणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे 'जीएलपी-१'. आज मधुमेह आणि लठ्ठपणासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने याचीच नक्कल करतात.

बायपासनंतर साखर धावत आतड्यात पोहोचते आणि वर्दी फार मोठ्याने दिली जाते. बऱ्याच मधुमेही रुग्णांना याचा फायदाच होतो. १९९५ साली अमेरिकेतील पोरीज यांनी आपल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा बायपासनंतर मधुमेह ओसरतो हे पाहून वैद्यकविश्व चकित झाले. पण काही जणांत हीच वर्दी जादा ठरते. साखर अर्ध्या तासात उंच चढते, तिच्यामागे इन्शुलिनचा लोंढा येतो. साखर तर आधीच ओतून संपलेली असते, मागून काही येत नाही. इन्शुलिन मात्र अजून काम करीतच राहते. मग चमचा रिकामा होतो. २००५ साली मेयो क्लिनिकच्या सर्व्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा तीव्र घसरणीच्या सहा रुग्णांचे वर्णन केले, आणि या त्रासाकडे जगभर लक्ष गेले. बहुधा तो शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. म्हणूनच माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

उपवासात इन्शुलिन उतरलेले असते, म्हणून यकृत मोकळेपणाने साखर सोडते आणि चरबी वितळून किटोन बनतात. शिऱ्यानंतर इन्शुलिन शिखरावर असते; ते यकृताचे कोठार बंद करते आणि किटोनचीही वाट अडवते. मेंदूकडे ना साखर, ना किटोन. सर उपाशी नव्हते. त्यांनी खाल्ले होते, म्हणूनच हे घडले. आणि पेढे दिल्यावर तोच फेरा पुन्हा सुरू झाला.

पवनारची वाटी

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात थोडे थोडे आणि मोजून खाण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती खालावून वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी काळजी घ्यायला सांगितल्यावर ते धाम नदीकाठी पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला गेले, आणि दहा महिन्यांत चाळीस पौंड वजन मिळवून १२८ पौंडांवर पोहोचले. पुढे त्यांना पोटातील व्रणाचा त्रास होता. १९५१ नंतरच्या भूदान पदयात्रेत मैलोन् मैल चालताना त्यांचा आहार दूध-दह्यासारखा मोजका असे, आणि तो ते एकदम न घेता दिवसातून अनेकदा थोडा थोडा घेत. व्रणाच्या रुग्णाने असेच खावे, असे त्या काळचे वैद्यकही सांगत होते.

विनोबांचा हेतू वेगळा होता आणि रोगही वेगळा होता. तुलना फार ताणू नये. पण तत्त्व तेच आहे. दारवान नसेल, तर त्याचे काम खाणाऱ्याने स्वतः करावे लागते. अन्न थोडे, वारंवार आणि सावकाश उतरेल असे. शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञ हेच सांगतात. दिवसातून पाच-सहा छोटी खाणी. आधी प्रथिने, म्हणजे घट्ट वरण, पिठले, उसळ, दही, पनीर, अंडे, मग भाजी, शेवटी भाकरीचा चतकोर. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास सोडून. संत्र्याचा रस नाही. संत्रे खायचेच तर दोन फोडी, जेवणानंतर. वर्ध्याचा गोरसपाक कितीही प्रसिद्ध असला, तरी रिकाम्या पोटी नाही. एवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टर ॲकार्बोजसारखे, पिष्टाचे पचन लांबवणारे औषध देतात.

आपल्याकडच्या उपवासाचाही विचार करायला हवा. गांधीजींचा उपवास म्हणजे पाणी, आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. दिवसभर काही न खाता संध्याकाळी बशीभर खिचडी, ही गोष्ट अशा माणसाला शिऱ्याइतकीच महागात पडू शकते. एकादशी मोडायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण काय खाल्ल्याने काय होते, हे ठाऊक असून ठरवावे.

वर्गात करून पाहा

एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिचा तळ कापा, झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा (हे काम शिक्षकांनी करावे) आणि बाटली उलटी धरा. प्रथम हळद घातलेले साखरेचे पाणी २०० मिलिलिटर ओता आणि खाली उतरायला लागणारा वेळ मोजा. मग तितकेच पातळ पिठले ओता. शेवटी झाकण काढून दोन्ही पुन्हा ओता. झाकण असताना आणि नसताना वेळेत पडणारा फरक मुले विसरणार नाहीत. मग त्यांना विचारा, झाकण नसलेल्या बाटलीतून पातळ पदार्थ सावकाश उतरवायचा असेल, तर तुम्ही काय कराल? 'थोडे थोडे ओतू' आणि 'घट्ट करू' ही दोन्ही उत्तरे त्यांच्याकडूनच येतील. मात्र खरे दार हे ठरावीक भोक नसून आतड्याच्या निरोपाप्रमाणे उघडझाप करते, ही प्रतिकृतीची मर्यादाही सांगा.

शेवटी शिक्षकखोलीसाठी दोन शब्द. एखाद्या सहकाऱ्याला असा त्रास झाला, तर शक्य असल्यास आधी ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे ग्लुकोज द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. सावरल्यावर मात्र पेढे न देता मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही द्यावे, म्हणजे पुढची घसरण टळेल. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता दवाखाना गाठावा. आणि असे पुन्हा पुन्हा होत असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ते अवश्य कळवावे.

आग्रह ही आपल्याकडे मायेची खूण आहे. बारशाचा शिरा नको म्हणणाऱ्याला आपण सहज 'एवढ्याने काय होते?' म्हणून जातो. एवढ्याने काय होते, ते आता आपल्याला ठाऊक झाले आहे. सरांच्या तिसऱ्या तासाला वेळापत्रकात दहा मिनिटांची सवड ठेवता येईल. डब्यातले पिठले खाऊन ते पुन्हा बेरजेकडे वळतील.